खीळ

अहमदपूर तालुक्यातील एका शेतकऱ्याच्या घरी माजघरातील खुंटीला नऊ वर्षे एक पुरचुंडी टांगलेली होती. तेलाने काळ्या पडलेल्या फडक्यात दोन लोखंडी खिळी, एवढेच काय ते तिच्यात होते. बैलगाडीचे चाक आसावरून निसटू नये म्हणून आसाच्या टोकाच्या छिद्रात जी खीळ घालतात, तीच ही. गाडीच्या साऱ्या सामानात हिच्याइतकी स्वस्त वस्तू दुसरी नसेल. तरीही घरातील मुलांना तेलाच्या बुधल्याला हात लावण्याची मुभा होती, दाण्याच्या कणगीत हात घालण्याचीही होती. या पुरचुंडीला मात्र कोणी बोट लावायचे नाही, असा घरच्या आबांचा दंडक होता.

आबा म्हणजे पासष्टी ओलांडलेले, पांढऱ्या झुपकेदार मिशांचे, कमी बोलणारे गृहस्थ. तरुणपणी शंकरपटात त्यांच्या जोडीचा मोठा दबदबा होता. शंकरपट हा वऱ्हाडाचा आणि त्याला लागून असलेल्या मराठवाड्याचा जुना खेळ. हलका छकडा, एक खोंडांची जोडी, त्यावर एक धुरकरी, आणि समोर नांगरून, सपाट करून ठेवलेली सरळ धावपट्टी. मोजक्या सेकंदांत सारे आटोपते. पण त्या सेकंदांसाठी माणसे वर्षभर बैलांना पेंड आणि सरकी चारतात आणि स्वतः कोरड्या भाकरीवर राहतात.

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा शर्यतींना बंदी केली. गावोगावी लोक चरफडले. परंतु बंदीमागची तक्रार खोटी होती, असे कोणाला छातीवर हात ठेवून म्हणता आले नसते. चाबकाचे फटके, पराणीची टोचणी, शेपटी पिरगळणे, हे सारे धावपट्टीवर उघड चालत असे. आबांनी बंदीची वार्ता ऐकली, खिळी पुसून फडक्यात बांधल्या आणि खुंटीला टांगल्या. पुढे २०१७ साली राज्याने नवा कायदा केला. तोही न्यायालयात अडला. १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना परवानगी मिळाली, तेव्हा शेजाऱ्यांनी पेढे वाटले. आबा म्हणाले, "कोर्टाचं शेवटचं बोलणं होऊ द्या." ते बोलणे १८ मे २०२३ रोजी झाले. घटनापीठाने कायदा ग्राह्य धरला; मात्र चाबूक नाही, काठी नाही, टोचणी नाही, आणि जनावरांच्या डॉक्टरांनी तपासल्याशिवाय जोडी सोडायची नाही, अशा अटी कायम राहिल्या. त्या दिवशी आबांनी खुंटीवरची पुरचुंडी उतरवली.

एवढ्या काळात जुनी जोडी म्हातारी होऊन गोठ्यातच निवर्तली होती. नवी जोडी घरच्याच गाईंची होती. जातिवंत देवणी, वानेरा वाणाची. अंग दुधासारखे पांढरे आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या, जणू कोणी काजळाचे हात फिरवले आहेत. राजा आणि सोन्या ही त्यांची नावे. त्यांना वासरे असल्यापासून चारापाणी करणारा आबांचा नातू आता बारा वर्षांचा, सातवीत होता. बंदी आली तेव्हा तो तीन वर्षांचा होता. त्यामुळे शंकरपट त्याने ऐकला होता, पाहिला नव्हता. खरे सांगायचे तर, घरातील जाणत्या माणसांनाही तो आता पाहिल्यापेक्षा ऐकल्यासारखाच आठवत होता.

जोडी तयार झाली. पण एकटी जोडी काय करणार? तिच्यामागे माणसे लागतात. आबांनी माणसे गोळा केली ती घरातलीच. थोरला पुतण्या अंगाने काटकुळा, म्हणून धुरकरी ठरला. आबांचा धाकटा भाऊ, ज्याला सगळे काका म्हणत, तो आवाजाने दणदणीत. त्याचे काम ओरडण्याचे. ते त्याला कोणी नेमून दिले नव्हते, परंतु त्याने ते अखेरपर्यंत निष्ठेने पार पाडले. छकडा उचलून धरायला थोरले जावई आणि बैलांच्या वेसणी धरायला धाकटे जावई आले. येथेच पहिली चूक झाली. जावई अंगाने दणकट होते यात शंका नाही. पण मराठवाड्यात जावयाला हुकूम करता येत नाही. "ओढ!" म्हणायच्या जागी "जावईबापू, तेवढं जरा ओढता का?" असे म्हणावे लागते, आणि मग ते "त्यात काय, ओढतो की" असे म्हणतात, आणि तोवर ओढण्याची वेळ निघून जाते.

याखेरीज शाळेतले व्यायामाचे गुरुजी होते. त्यांच्यापाशी सेकंदाचेही भाग मोजणारे घड्याळ होते आणि जगातील सर्व मोटारशर्यतींची माहिती होती. ती माहिती त्यांना आजवर कोणी विचारली नव्हती.

२०२४ च्या जानेवारीच्या आरंभी ही सारी मंडळी बैलांसह एका टेम्पोत बसून निघाली. शंकरपट होता नांदेड जिल्ह्यात, पैनगंगेच्या बाजूच्या एका गावी. वाटेत खंडोबाच्या माळेगावी यात्रेची पाले पडू लागली होती, घोडे आणि गाढवे रस्त्याच्या कडेने चालली होती. लोहा गेले, नांदेडला गोदावरी ओलांडली. अर्धापुरास केळ्यांचा एक घड विकत घेतला. आणि बैल शांत उभे आहेत, माणसांना उठून जायला जागा नाही, अशी अनुकूल वेळ साधून गुरुजींनी आपला विषय काढला.

"मोटारींच्या शर्यतीत," गुरुजी म्हणाले, "गाडी मध्येच एका जागी थांबते. त्या जागेला पिट म्हणतात. तिथं वीसेक माणसं तयार असतात. गाडी आली की चारही चाकं काढायची, नवी चार घालायची आणि गाडी सोडायची. ८ ऑक्टोबर २०२३ ला कतारमध्ये मॅक्लारेनच्या माणसांनी हे सारं १.८० सेकंदांत केलं."

टेम्पोत शांतता पसरली.

"चार चाकं?" थोरल्या जावयांनी विचारले.

"चारही."

"आमच्या गावचा मिस्तरी एक चाक काढायच्या आधी दोन चहा पितो," काका म्हणाले.

गुरुजींना उत्साह आला. प्रत्येक चाकापाशी तीन माणसे असतात. एक यंत्राने मोठी नट सैल करतो, दुसरा जुने चाक ओढतो, तिसरा नवे चढवतो. पुढून एक आणि मागून एक गाडी उचलतो. कोणी कोणाशी बोलत नाही. सगळा सराव आधी शेकडो वेळा झालेला असतो. १९५० साली अमेरिकेतील इंडियानापोलिसच्या शर्यतीत दोन चाके बदलून इंधन भरायला मिनिटाहून अधिक वेळ लागे, आणि ती चपळाई समजली जाई. पुढे प्रत्येक हालचाल घासूनपुसून तिचे दोन सेकंदांवर आणले.

"आणि चुकत नाहीत कधी?" नातवाने विचारले. मुलांना पराक्रमापेक्षा फजितीत अधिक गोडी असते, आणि ते योग्यच आहे.

"चुकत नाहीत? ऐक तर!" गुरुजी सरसावून बसले. "४ ऑगस्ट १९५७. जर्मनीतली नुरबुर्गरिंगची शर्यत. फांजिओ नावाचा अर्जेंटिनाचा धुरकरी, शेहेचाळीस वर्षांचा. सगळ्यांच्या पुढं होता. चाकं बदलायला थांबला आणि माणसांची तारांबळ उडाली. एकाच्या हातातून चाकाची नट निसटली आणि घरंगळत गाडीखाली गेली. आता ही सापडेना! इकडं शोध, तिकडं शोध. फांजिओ निघाला तेव्हा पुढच्या दोघांपेक्षा पाऊण मिनिटाहून जास्त मागं पडला होता."

आबा आतापर्यंत डोळे मिटून बसले होते. ते एकदम म्हणाले, "भुईवर ठेवली असेल."

"काय?"

"खीळ. म्हणजे त्यांची ती नट. भुईवर टेकवली की गेली. आमच्या बापानं मला सांगितलं होतं, चाकाची खीळ हातात ठेव, कमरेला ठेव, तोंडात धर. पण भुईवर ठेवू नको. भुईवर ठेवलेली वस्तू माणूस विसरतो. मग पुढं काय झालं त्या म्हाताऱ्याचं?"

"शेहेचाळीस म्हणजे म्हातारा नव्हे, आबा. जिंकला तो! फेरीमागून फेरी वेगाचा उच्चांक मोडत गेला आणि साडेतीन-चार सेकंदांनी पहिला आला."

आबांनी फांजिओला मनोमन नमस्कार केला असावा, कारण त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली.

गुरुजींची पोतडी मोठी होती. त्याच नुरबुर्गरिंगवर १९९९ साली फेरारीची गाडी पिटमध्ये आली, सारी माणसे विजेसारखी धावली, आणि पाहतात तो चाके तीनच! चौथे आतच राहिले होते. एडी अर्वाइन गाडीत बसून वाट पाहत राहिला. त्या वर्षीचे जगज्जेतेपद त्याच्या हातून अवघ्या दोन गुणांनी गेले. २०२१ साली मोनॅकोला वाल्तेरी बोटास दुसऱ्या क्रमांकावर धावत असताना त्याच्या पुढच्या उजव्या चाकाची नट यंत्राखाली घासून गोटीसारखी गुळगुळीत झाली. चाक निघेना. शर्यत तिथेच संपली. शेवटी गाडी इंग्लंडात कारखान्यात नेल्यावर ते चाक निघाले, थांबल्यापासून सुमारे ४३ तासांनी.

"त्रेचाळीस तास!" काका हर्षभरित झाले. "मग आपला मिस्तरी काय वाईट आहे?"

ही गोष्ट काकांना इतकी आवडली की हदगावापर्यंत त्यांनी ती तीनदा सांगितली, गुरुजींनाही एकदा. आबांना मात्र दुसरेच काही विचारायचे होते. इतकी वीस माणसे, एवढी घाई. तेव्हा आता गाडी सोडायची, हे ठरवतो कोण?

गुरुजी खूश झाले. प्रश्न मर्मावर होता. "त्यासाठी एक माणूस वेगळा असतो. पूर्वी तो गाडीसमोर लांब दांड्याची पाटी धरून उभा राही. तो चाकाला हात लावत नाही, काही उचलत नाही. सगळ्यांचे हात वर झालेले दिसले की पाटी उचलायची, एवढंच त्याचं काम. आता दिवे आले, पण काम तेच. लंडनमध्ये मुलांचं एक मोठं इस्पितळ आहे, ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटचं. तिथं लहान लेकरांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया होतात. शस्त्रक्रिया झाल्यावर लेकराला खाटेसकट, नळ्यांसकट दुसऱ्या खोलीत न्यायचं, त्या पाच-दहा मिनिटांत गोंधळ होई. सगळे एकदम बोलत. तिथले डॉक्टर फेरारीच्या लोकांना जाऊन भेटले आणि काम कसं करायचं ते त्यांच्याकडून शिकले. कोणी काय करायचं ते ठरलेलं, आणि शेवटचा शब्द एकाचा. चुका कमी झाल्या."

आबा बराच वेळ बाहेर पाहत राहिले. मग नातवाला म्हणाले, "तू राजा-सोन्यासमोर उभा राहा. मी हात वर करेपर्यंत कोणी काही म्हणो, हलायचं नाही. कळलं?"

"काका म्हणाले तरी?"

"काका तर म्हणणारच."

पटाच्या माळावर माणसांचा समुद्र लोटला होता. कर्ण्यातून जोड्यांची नावे पुकारली जात होती, जनावरांचे डॉक्टर एकेका बैलाचे खूर आणि डोळे पाहत होते, उसाच्या रसाचे घुंगरू वाजत होते. आबांच्या जोडीची तपासणी निर्वेध पार पडली. यांचा क्रमांक यायला तासभर अवकाश होता. म्हणून मंडळी भाकरी सोडून बसली. तोच कर्णा ओरडला. मधल्या दोन जोड्या आल्याच नव्हत्या. यांचा पहिला पुकारा झाला!

नियम असा होता की तीन पुकाऱ्यांत जोडी सुरुवातीच्या रेषेवर आली नाही, तर तिचा क्रमांक खोडायचा. भाकऱ्या तशाच टाकून सारे धावले. बैल जुंपले. आबांनी सवयीने डावे चाक हलवून पाहिले. टेम्पोतल्या प्रवासात तुंब्यात धूळ शिरली होती, चाक कुरकुरत होते. खरे पाहता वंगण बैल जुंपण्यापूर्वीच घालायचे असते. पण नऊ वर्षांत ते कोणाला आठवले नाही. थोरल्या जावयांनी छकड्याची डावी बाजू उचलून धरली. आबांनी खीळ काढली, चाक अर्धे बाहेर ओढले, कोपरापर्यंत हात माखून वंगण घातले. तेवढ्यात दुसरा पुकारा झाला.

"खीळ!" काका गरजले. "खीळ कुठं हाय?"

कोणी उत्तर दिले नाही.

"आबा, खीळ कुठं हाय?"

"हूं," आबा म्हणाले.

"आबा, अहो खीळ!"

"हूं! हूं!" आबांनी डोळे वटारले.

"रागावलेत," काका म्हणाले आणि गवतात शोधू लागले. थोरले जावई भले गृहस्थ. घरात अडचण आली असता आपण नुसते उभे राहावे, हे त्यांना बरे दिसेना. तेही शोधायला वाकले. छकड्याचा भार अर्थातच आबांच्या हातांवर आला. गुरुजींनी घड्याळ पाहून "चाळीस सेकंद" असे जाहीर केले. धाकट्या जावयांना आबांचा तो कण्हण्यासारखा आवाज ऐकून दाढदुखीची शंका आली. एका हाताने वेसणी धरून ते दुसऱ्या हाताने खिशात लवंग शोधू लागले. थोरल्या जावयांनी खीळ खुराखाली तर नाही ना, हे पाहण्यासाठी सोन्याचा पाय उचलला, आणि सोन्याने त्यांना तो पाय परत घेऊन दाखवला.

"पन्नास सेकंद," गुरुजी म्हणाले.

तिसरा पुकारा झाला. आता काकांच्या अंगात शंभर माणसांचे बळ आले. त्यांनी कुंपणाची एक बाभळीची काटकी मोडली, दगडाने ठेचून टोकदार केली, चाक आत रेटले आणि काटकी आसाच्या छिद्रात ठोकून बसवली. "आबा, एवढ्यापुरती चालंल न्हवं?" आबांनी जोरजोराने मान हलवली. आपल्याकडील मान हलवणे असे आहे की ज्याला जे हवे ते त्याने त्यातून घ्यावे. "आबा हो म्हणतायत!" काका ओरडले. पुतण्या टुणकन छकड्यावर चढला. "सोड रे पोरा! हो बाजूला!"

पोरगा बैलांसमोर दोन्ही हात पसरून उभा होता. तो हलला नाही.

"काहून थांबलास? हो बाजूला म्हणतो ना!"

"आबांनी हात वर केला नाही."

"अरे नंबर जातोय आपला!"

"आबांनी हात वर केला नाही," तो पुन्हा म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता, पाय लटपटत होते. धाकटे जावई, पुतण्या, गुरुजी, शेजारच्या जोडीची माणसे, सगळी एकदम त्याच्यावर ओरडू लागली. आजवर ज्यांच्या शब्दाबाहेर तो गेला नव्हता, ती सारी माणसे एका बाजूला होती. त्याने डोळे मिटून घेतले, पण हात खाली केले नाहीत. राजाने मान पुढे करून त्याच्या सदऱ्याचा वास घेतला आणि तोही स्वस्थ उभा राहिला.

तेव्हा मात्र नाइलाजाने सगळ्यांनी आबांकडे पाहिले. आबांचे वंगणाने काळे झालेले दोन्ही हात आसाखाली अडकले होते, चेहरा लालबुंद झाला होता, आणि पांढऱ्या मिशांखालून एका बाजूला बोटभर लोखंड बाहेर आलेले होते.

'काखेत कळसा नि गावाला वळसा' ही म्हण सर्वांना ठाऊक होती. कळसा आबांच्या दातांत असेल, हे कोणाच्या ध्यानी आले नव्हते.

थोरल्या जावयांनी छकडा उचलला. पुतण्याने खाली उडी टाकून आबांच्या तोंडातली खीळ घेतली, काटकी काढून तिच्या जागी ती बसवली. आबांनी हात मोकळे केले, कंबर सरळ केली आणि उजवा हात उंच वर केला. पोरगा बाजूला झाला.

"एक मिनिट अठ्ठावन्न सेकंद," गुरुजी म्हणाले. कर्ण्यातून पुढच्या जोडीचे नाव पुकारले जात होते. यांचा क्रमांक खोडला गेला होता. प्रवेशाचे पैसे गेले, टेम्पोचे भाडे गेले, आणि नऊ वर्षांनी आलेला दिवसही गेला.

कोणी काही बोलेना. काकांचाही आवाज बसला होता. "पोरानं ऐकलं असतं तर..." एवढे म्हणून ते थांबले. आबांनी जमिनीवर पडलेली बाभळीची काटकी उचलली आणि पुतण्याच्या हातात दिली. "वाकवून बघ."

पुतण्याने दोन बोटांत धरून जरा दाबली. ती कट्‌कन मोडली. तो दोन्ही तुकड्यांकडे पाहत राहिला. मग समोर चालू असलेल्या धावेकडे त्याने पाहिले. एक छकडा भरधाव चालला होता, चाके जमिनीला टेकतात की नाही असे वाटत होते. पुतण्याने घडातले सर्वांत मोठे केळे तोडून चुलत भावाच्या हातात ठेवले आणि काही न बोलता त्याच्या शेजारी बसला.

संध्याकाळी बक्षिसे वाटून झाली, गर्दी पांगली, कर्णा उतरवला गेला. पंचांतला एक म्हातारा आबांच्या वेळचा निघाला. त्याने धावपट्टीकडे बोट केले आणि म्हणाला, "मोकळीच आहे आता." या वेळी वंगण आधी घातले, बैल मागाहून जुंपले. दोन्ही खिळी सर्वांदेखत बसल्या. आबांचा हात वर झाला, पोरगा बाजूला झाला, आणि पुतण्याच्या नुसत्या हाकेसरशी राजा-सोन्या असे सुटले की रसवाला आपला गाडा आवरायचे सोडून पाहत उभा राहिला. किती सेकंद लागले ते कळले नाही. गुरुजी घड्याळ दाबायला विसरले होते.

परतताना पोरगा बैलांच्या पायांशी गवतावर झोपला. फडक्याची पुरचुंडी त्याच्या मुठीत होती. ती त्याने मागितली नव्हती.

घरी पोचायला मध्यरात्र उलटली. दारात आजी कंदिलाएवढ्या विजेच्या दिव्याखाली वाट पाहत उभी होती. धाकट्या जावयांनी फोनवरून सारी हकिकत आधीच कळवली होती, हे आबांना माहीत नव्हते.

"काय झालं मग पटाचं?" आजीने विचारले.

आबा हातपाय धुवायला वळले. उत्तर दिले नाही.

"बोलत का नाही?" आजी म्हणाली. "अजून तोंडातच आहे का?"